फातोर्डा स्टेडियमचा इतिहास कोणी नीट सांगेल का? मुळात फुटबॉलसाठीच बांधलं होतं ना?

कुडाळचा_डिफेंडर:

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा, फुटबॉलचं वेड शाळेपासून. आमच्याकडून मुंबई-पुण्यापेक्षा मडगाव जवळ, त्यामुळे मोठी मॅच असली की ट्रेन पकडायची आणि थेट फातोर्डा गाठायचं हे आता ठरूनच गेलंय. २२ ऑक्टोबर २०२५ ला एफसी गोवा विरुद्ध अल नासर मॅचला पण आम्ही मित्र गेलेलो. रोनाल्डो येणार म्हणून सगळ्या देशात बोभाटा झालेला, तो आलाच नाही, पण आम्हाला त्याचं फार वाईट वाटलं नाही कारण पहिल्या हाफमध्ये ०-२ ने मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिसने जो एक गोल परत केला ना, तेव्हा जो आवाज उठला तो अजून कानात आहे. शेवटी १-२ ने हरलो, तरी सौदीच्या एवढ्या पैसेवाल्या टीमला शेवटपर्यंत घाम फोडला.

तर येताना गाडीत वाद सुरू झाला. एक मित्र म्हणतो हे स्टेडियम मुळात क्रिकेटसाठी बांधलेलं, त्याच्या वडिलांनी इथे सचिनची वन डे बघितलीय. दुसरा म्हणतो छे, २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी बांधलं. मला दोन्ही पटलं नाही. नेटवर शोधलं तर दोन चार ओळींच्या पुढे मराठीत काही मिळत नाही. मडगावसारख्या लहान गावात एवढं मोठं स्टेडियम कधी, कोणासाठी, कसं उभं राहिलं, आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, आधी तिथे काय काय झालं, हे गोव्यातल्या जुन्या जाणत्या लोकांनी जरा सविस्तर सांगा ना. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, सगळं वाचणार.

सासष्टीकर:

कुडाळकर, प्रश्न चांगला विचारलात. मी मडगावातच वाढलोय आणि हे स्टेडियम नसलेलं फातोर्डा पण बघितलंय म्हणून लिहितो. लांब होईल, तुम्हीच परवानगी दिलीय.

आधी वाद मिटवू. पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे त्याचं कागदावरचं नाव, आम्ही सगळे फातोर्डाच म्हणतो. ते १९८९ चं, आणि फुटबॉलसाठीच. त्या वर्षीचा नेहरू कप (भारतात व्हायची ती देशादेशांच्या फुटबॉल संघांची स्पर्धा) मडगावला भरला होता आणि इतक्या मोठ्या स्पर्धेला शोभेल असं मैदान तेव्हा आमच्या गावात नव्हतं. म्हणून घाईघाईने काम काढलं आणि सहा महिन्यांत स्टेडियम उभं केलं. सहा महिने! आज साधा पूल बांधायचा म्हटलं तरी वर्षं जातात. त्या नेहरू कपच्या फायनलमध्ये हंगेरीने सोव्हिएत युनियनला २-१ ने हरवलं. सोव्हिएत संघाने त्याआधी १९८५ ते १९८८ असा चार वेळा लागोपाठ तो कप नेला होता, त्यांची ती साखळी मडगावात तुटली. ज्या देशाचं नाव आता नकाशावर नाही त्याची टीम आमच्या गावात खेळून गेली, हे आजच्या पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे, ती कळल्याशिवाय स्टेडियम इथेच का हे कळणार नाही. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ मध्ये, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री शिवोलीला आले त्यांनी. तिथून तो चर्चच्या शाळांतून गावोगाव पसरला. पोर्तुगीज राज्य होतं, फुटबॉलला वरून पण पाठबळ होतं, गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापनाच १९५९ ची, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षं आधीची. आमच्या सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, तर भात कापून झालं की शेतं रिकामी होतात, मग त्याच सुकलेल्या शेतात दोन बांबू इकडे दोन बांबू तिकडे रोवायचे आणि या वाड्याची त्या वाड्याशी मॅच. खाली भाताचे खुंट, अनवाणी पाय, पोटऱ्या ओरबाडून निघायच्या, तरी अंधार पडेपर्यंत कोणी थांबायचं नाही. गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, स्पर्धा असायच्याच. जिंकणाऱ्या टीमचं नाव वर्षभर चर्चबाहेर, दुकानात, बाजारात लोकांच्या तोंडी.

या गावांतून पोरं वर आली, मोठे क्लब झाले. साळगावकर १९५६ चा क्लब, डेंपो साठच्या दशकाच्या शेवटाचा, चर्चिल ब्रदर्स १९८८ चा. १९७० पासून बांदोडकर ट्रॉफी सुरू झाली, बाहेरच्या टीम येऊ लागल्या. मग १९८३ मध्ये गोव्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, बंगालबरोबर संयुक्त जिंकली आणि १९८४ मध्ये पंजाबला हरवून एकट्याने जिंकली. दोन्ही वेळा गोलमध्ये आपले ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, फारच उशिरा असं माझं स्पष्ट मत. १९८७ च्या मे महिन्यात गोवा राज्य झालं. १९८८ आणि १९८९ ला लागोपाठ दोन वेळा साळगावकरने देशभरातल्या क्लबांचा फेडरेशन कप आणला. म्हणजे बघा, टीम आधी मोठ्या झाल्या, लोक आधी वेडे झाले, स्टेडियम त्यांच्या मागून आलं. कितीतरी शहरांत उलटं होतं, आधी काँक्रीट ओततात आणि मग खेळणारे शोधत बसतात.

आणि स्टेडियम झाल्यावर लगेच १९९० ची संतोष ट्रॉफी मडगावला झाली. फायनल गोवा विरुद्ध केरळ. २-० ने जिंकलो. तुमच्यातल्या कोणाच्या घरात त्या मॅचची आठवण सांगणारं माणूस असेल तर नीट बसून ऐका. मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांच्या खांद्याला धरून पायऱ्यांवर उभा. तेव्हा खुर्च्या वगैरे नव्हत्या, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, जेवढी माणसं घुसतील तेवढी. शेजारचा अनोळखी म्हातारा दुसऱ्या गोलनंतर माझ्या वडिलांच्या गळ्यात पडून रडत होता.

फोंड्याची_वैदेही:

सासष्टीकर काका, मस्त लिहिलंत. क्रिकेटवाला मित्र पण अगदीच हवेतलं बोलत नाहीये हं, त्याच्या वडिलांच्या बाजूने मी थोडं सांगते, कारण आमच्या घरात क्रिकेटची बाजू घेणारे जास्त.

फातोर्डाला वन डे झाल्यात आणि चांगल्या झाल्यात. पहिली २५ ऑक्टोबर १९८९ ला, ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका, म्हणजे स्टेडियम नवंकोरं होतं तेव्हाच. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत श्रीलंका. पण सगळ्यात गाजलेली ती ६ एप्रिल २००१ ची. स्टीव्ह वॉची ऑस्ट्रेलिया आलेली, कोलकात्याची ती टेस्ट होऊन महिनाही झाला नव्हता, सगळा देश नुसता पेटलेला, आणि वन डे सिरीज २-२ वर. म्हणजे शेवटची निर्णायक मॅच आमच्या मडगावात! लक्ष्मणने १०१ केले, आपले ५० ओव्हर्समध्ये २६५. वाटलं जिंकतोय. मग तो मायकल बेव्हन आला आणि काही न बोलता, काही आडवं तिडवं न मारता, एक एक दोन दोन करत ८७ वर नाबाद राहिला आणि मॅच घेऊन गेला. चार विकेट्सनी हरलो. माझा मोठा भाऊ अजून बेव्हनचं नाव काढलं की उठून जातो.

त्या मॅचची दुसरी आठवण वाईट आहे. बनावट तिकिटं बाजारात आली होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि पैसे मोजून खरं तिकीट घेतलेली कितीतरी माणसं बाहेर उन्हात तशीच राहिली. प्रकरण पुढे वर्षानुवर्षं कोर्टात चाललं.

मग २००६ ला इंग्लंड आली तेव्हा युवराजने शंभर मारले आणि आपण जिंकलो, २००७ ला व्हॅलेंटाइन डेला श्रीलंकेविरुद्ध धोनीने जिंकून दिली. शेवटी २४ ऑक्टोबर २०१० ला भारत ऑस्ट्रेलिया ठेवली होती, तिकिटं संपलेली, आणि असा पाऊस लागला की एकही चेंडू पडला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी गोव्यात मॅच ठेवायची म्हणजे परतीच्या पावसाशी जुगारच. त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट तिथे आलं नाही. गोव्याच्या रणजीच्या मॅचेस पर्वरीला होतात.

एक मात्र मी क्रिकेटवाली असूनही मान्य करते की हे ग्राउंड क्रिकेटचं नव्हतंच. फुटबॉलच्या मैदानात मधोमध पिच करायची आणि मग तीच जागा पुन्हा फुटबॉलसाठी सारखी करायची, यात दोन्ही खेळांचं नुकसान. चेंडू पिचच्या कडक पट्ट्यावर पडला की कुठेही उसळतो, बाजूच्या गवतावर वेगळा आणि मधे वेगळा. फुटबॉलपटू वैतागायचे ते उगाच नाही.

कुडाळचा_डिफेंडर:

काका, वैदेहीताई, मनापासून आभार, मी दोघांचं वाचून मित्राच्या वडिलांना फोन लावला. ते २००१ च्याच मॅचला होते म्हणे! सचिन लवकर आऊट झाला एवढंच आठवतं असं म्हणाले.

आता पुढचं सांगा. लुसोफोनियाचं काय प्रकरण? आणि २०१५ च्या आयएसएल फायनलबद्दल गोव्याची माणसं अशी गप्प का होतात? मी तेव्हा नोकरीसाठी बाहेर होतो, फक्त स्कोअर बघितलेला.

ईस्ट_लोअर_चा_रॉकी:

२०१५ चं मी सांगतो. मी होतो तिथे, ईस्ट लोअर स्टँडला.

त्याआधी लुसोफोनिया एका ओळीत. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या आणि प्रदेशांच्या स्पर्धा त्या, २०१३ ला व्हायच्या होत्या त्या जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात झाल्या. त्या निमित्ताने फातोर्डाची डागडुजी झाली, प्रेक्षकांवर छप्पर आलं, बकेट सीट्स आल्या. म्हणजे आत्ता तुम्ही जे बघता ते रूप त्या वेळचं, म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राला तसं वाटलं असणार. सीट्स आल्यावर आकडा कमी झाला, आता साधारण १९ हजार माणसं बसतात. नशिबाने अॅथलेटिक्सचा ट्रॅक नाही त्यामुळे मैदान अगदी समोर, कॉर्नर घेणाऱ्या प्लेअरला नाव घेऊन हाक मारली तर ऐकू जाते. त्याच वर्षी एफसी गोवा सुरू झाला आणि पुढे फातोर्डा भगवं झालं.

आता २०१५. तो सीझन आमचा होता. झिको कोच. १७ नोव्हेंबरला मुंबई सिटीला आम्ही फातोर्डावर ७-० ने हाणलं, डुडूची हॅटट्रिक, हाओकिपची हॅटट्रिक, इथे मुंबईवाले कोणी असतील तर माफ करा पण ती रात्र आम्ही विसरू शकत नाही. मग फायनल पण घरच्याच मैदानावर, २० डिसेंबर, समोर मातेराझी कोच असलेली चेन्नईयिन. ख्रिसमस तोंडावर, घराघरात तारे लागलेले, अर्धी माणसं परदेशातून सुट्टीवर आलेली.

चेन्नईला पेनल्टी मिळाली, आमच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने ती अडवली पण उडालेल्या बॉलवर पेलिसारीने गोल केला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. मग ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक. बॉल जाळ्यात गेला तेव्हा मला पुढचं काही दिसलंच नाही कारण माझ्या अंगावर चार माणसं पडलेली. २-१. तीन मिनिटं उरली. लोक नाचतायत, मागे कोणीतरी चक्क फटाक्यांची माळ कुठे लावायची ते विचारतोय. आणि ९० व्या मिनिटाला आमच्या गोलसमोर गर्दी झाली, बॉल कट्टीमनीच्या हाताला लागून आमच्याच गोलात. सेल्फ गोल. २-२. चला एक्स्ट्रा टाइम खेळू म्हणेपर्यंत मेंडोझाने तिसरा मारला. २-३. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. शिट्टी झाली तरी माणसं उठेनात. कट्टीमनी गोव्याचाच पोरगा, तो गोलपोस्टजवळ तसाच बसून राहिलेला मला अजून दिसतो.

पण मी त्याच्याबद्दल लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. २० मार्च २०२२, पुन्हा आयएसएल फायनल, पुन्हा फातोर्डा, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. केरळवाले इतके आले होते की सगळं स्टेडियम पिवळं. हैदराबादच्या गोलमध्ये कोण? तोच कट्टीमनी. केरळने पहिला गोल केला, ८८ व्या मिनिटाला साहिल तावोराने लांबून बरोबरी केली, तोही गोव्याचा. मग पेनल्टी शूटआऊट. आणि कट्टीमनीने तीन अडवल्या. तीन! हैदराबाद ३-१ ने जिंकली, कप घेऊन गेली. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याचं सगळं हरवलं होतं त्याच मैदानावर. मी काही हैदराबादचा फॅन नाही, तरी त्या रात्री घशाला कोरड पडेपर्यंत त्याच्या नावाने ओरडलो. त्या मॅचबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

लेफ्टबॅक_वास्को:

रॉकी, वाचताना काटा आला रे अंगावर. पण मला एक सल आहे तो बोलतो. फातोर्डाचा इतिहास म्हटलं की हल्ली सगळे आयएसएलपासून सुरू करतात, फार तर सासष्टीकरांसारखे कोणी संतोष ट्रॉफी सांगतात. मधली वीस पंचवीस वर्षं क्लबांची होती ती कोणी बोलत नाही.

देशातली वरची लीग कोणी जिंकली त्याचा हा हिशोब बघा. नॅशनल लीग १९९८-९९ साळगावकर. २००४-०५ डेंपो. २००६-०७ डेंपो. मग तिचीच आय-लीग झाली, २००७-०८ डेंपो, २००८-०९ चर्चिल, २००९-१० डेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ डेंपो, २०१२-१३ चर्चिल. म्हणजे २००७ ते २०१३ सलग सात वर्षं देशाचा चॅम्पियन गोव्यातून. केवढं राज्य आपलं! एवढासा ठिपका. कोलकात्याच्या लाखालाखाच्या गर्दीसमोर जाऊन जिंकून यायचे. डेंपोच्या पाचही टायटल्सना कोच एकच, आर्मांदो कुलासो. मैदानाच्या कडेला उभा राहून कोकणीत ओरडणारा कोच आणि समोर देशातली सगळ्यात सुंदर पासिंग करणारी टीम, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांचं खरंच नुकसान झालं.

त्या मॅचेस दुपारी असायच्या. कामावरून अर्धी सुट्टी टाकून यायचं, बाहेर गाड्यावर रोस ऑमलेट खायचं आणि आत जायचं. कधी कधी प्रेक्षक तीन चार हजारच, पण प्रत्येकाला दोन्ही टीमच्या अकरा अकरा जणांचं घर कुठल्या गावात ते माहीत. बाणावलीचा, कोलव्याचा, नावेलीचा. लेफ्ट विंगर चुकला की कोणीतरी त्याच्या बापाचं नाव घेऊन ओरडायचा, आणि त्याचा बाप दोन रांगा सोडून बसलेला असायचा.

२०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो तिघांनीही आय-लीग सोडली. आयएसएल वरची लीग करायची आणि आय-लीगला खाली ढकलायचं, वर जायचा रस्ता पण ठेवायचा नाही असा बेत फुटबॉल फेडरेशनने मांडला होता, त्याच्या निषेधात. एका वर्षात तीन क्लब! त्यानंतर आय-लीगमध्ये गोव्याचं नाव राखलं ते फक्त चर्चिलने. माझं मत असं की त्या वर्षी गोव्याच्या फुटबॉलचा कणा मोडला. एफसी गोवावर माझा राग नाही, मीही भगवी जर्सी घालतो, पण एका टीममध्ये पंचवीस तीस खेळाडू, त्यात परदेशी पण आले, मग गावातल्या पोराने जायचं कुठे? आधी चार चार दारं होती. डेंपो २०२४-२५ मध्ये परत आय-लीगला आले तेव्हा बरं वाटलं, पण गेलेली वर्षं कोण देणार.

आणि आमच्या वास्कोच्या टिळक मैदानाचा पण उल्लेख व्हायला हवा, कोविडच्या दोन सीझनना सगळी आयएसएल गोव्यात झाली ती फातोर्डा, बांबोळी आणि टिळक मैदान या तिघांनी ओढली. २०२० ची आणि २०२१ ची फायनल फातोर्डावर झाली, प्रेक्षकांशिवाय. २०२० ची फायनल मार्चची, ती प्रेक्षकांशिवाय होणार म्हणून ऐनवेळी कळलं. १४ मार्चला एटीकेने चेन्नईला ३-१ ने हरवलं आणि थोड्याच दिवसांत देश बंद. २०२१ ला मुंबई सिटी जिंकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला आणि ते सामने पण फातोर्डावर, पुन्हा रिकाम्या स्टेडियममध्ये. पहिल्याच मॅचला लॉराँ ब्लाँ कोच असलेल्या कतारच्या अल रय्यानला ०-० ने रोखलं. मग पर्सेपोलिससारख्या इराणच्या मातब्बर टीमविरुद्ध एदू बेदियाने हेडरने गोल केला, त्या स्पर्धेच्या ग्रुप टप्प्यात भारतीय क्लबचा पहिला गोल. एवढा मोठा गोल आणि स्टँडमध्ये टाळी वाजवायला माणूस नाही, आम्ही घरात टीव्हीसमोर ओरडत होतो.

रंकाळ्याचा_राईट_विंगर:

कोल्हापूरहून नमस्कार. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी अशा पेठेपेठेतल्या टीमच्या मॅचेसला जो दंगा असतो तो बघूनच आम्ही मोठे झालो, त्यामुळे बाप मागच्या रांगेत बसलेला असतो हे वाचून लगेच पटलं, आमच्यात पण तसंच असतंय. फक्त आमची पोरं पेठेच्या बाहेर फार कमी जातात, आणि तुमचे गावातले क्लब देशाचे चॅम्पियन झाले, हा फरक मात्र मोठा आहे.

२०१७ च्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारतासाठी खेळला. भारताच्या मॅचेस दिल्लीत, आम्हाला गोवा जवळ म्हणून आम्ही फातोर्डाला आलो. १० ऑक्टोबरला इराण जर्मनी. आम्ही सगळे जर्मनीचे जर्सी घालून बसलेलो आणि इराणने ४-० ने धुतलं! पंधरा सोळा सतरा वर्षांची पोरं, पण बॉल पायात आला की काय ते डोकं चालवायची. हाफटाइमपर्यंत आमचा सगळा ग्रुप इराणच्या बाजूने ओरडायला लागला. त्याच वर्ल्ड कपची एक क्वार्टर फायनल पण तिथेच झाली, इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने हरवलं, पुढे कप पण इंग्लंडनेच नेला. २०२२ ला मुलींच्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल पण गोव्यातच झाल्या, आमच्या तालमीतल्या मुली बघायला गेल्या होत्या, आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या ग्राउंडवर हजर.

सासष्टीकर:

वा, धागा चांगला चाललाय. वास्कोकरांच्या सलाशी मी पूर्ण सहमत, फक्त एक भर घालतो. कणा मोडला असं नाही म्हणणार, कारण शेतातल्या आणि फेस्ताच्या स्पर्धा अजून आहेत आणि त्यांना गर्दी पण आहे. वर जायची शिडी मोडली असं म्हणेन. शिडी पुन्हा लावता येते, पण ती लावायला कोणालातरी क्लबवर पैसे आणि वर्षं दोन्ही घालावी लागतील आणि मला सध्या तेवढी तयारी दिसत नाही.

आणि भारताच्या मॅचेस राहिल्या. १९९९ ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, मडगावलाच झाली, फायनलला बांगलादेशला २-० ने हरवून आपण जिंकलो. २०१४ ला बांगलादेशविरुद्ध फ्रेंडली होती, २-२, दोन्ही गोल छेत्रीचे आणि दुसरा अगदी शेवटच्या क्षणी. पण मला जास्त लागून राहिलेल्या आहेत त्या सिंगापूरच्या दोन मॅचेस. १८ फेब्रुवारी २००४, वर्ल्ड कप क्वालिफायर, रेनेडी सिंगच्या गोलवर आपण १-० जिंकलो. आणि १४ ऑक्टोबर २०२५, म्हणजे तुमच्या अल नासरच्या मॅचच्या आठवडाभर आधी, त्याच मैदानावर, त्याच सिंगापूरविरुद्ध, एशियन कप क्वालिफायर. छांगतेने लवकर गोल केला, आपण पुढे होतो, मग साँग उई यंगने हाफटाइमच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन मारले आणि १-२ ने हरून २०२७ च्या एशियन कपचं दार बंद झालं. एकवीस वर्षांत सिंगापूर काही ब्राझील झालं नाही, आपणच जागच्या जागी राहिलो. त्या दिवशी मी स्टेडियममधून केटीसी बस स्टँडपर्यंत चालत गेलो, वाटेत सगळी तरुण पोरं एकच बोलत होती, की देशाला स्ट्रायकर मिळत नाही. मिळणार कुठून, ज्या लीगमधून गोव्याचे स्ट्रायकर घडले तीच आपण सोडून दिली.

कुडाळकर, पुढच्या वेळी याल तेव्हा मॅचच्या दोन तास आधी या, केटीसी स्टँडवर भेटू, चालतच जाता येतं. रेल्वे स्टेशनवरून मात्र बस किंवा रिक्षा लागेल, आणि रात्रीची मॅच असेल तर परतीच्या गाडीचं आधी बघून ठेवा.

कुडाळचा_डिफेंडर:

नक्की येतो काका. सगळ्यांचे आभार, मी हे सगळं कॉपी करून आमच्या ग्रुपवर टाकलंय, आता गाडीतला वाद मिटला, नवीन वाद सुरू झालाय की कट्टीमनीची २०२२ ची फायनल मोठी की १९९० ची संतोष ट्रॉफी.

एक विनंती, १९८९ च्या नेहरू कपचे किंवा स्टेडियमचं काम चालू असतानाचे फोटो कोणाच्या घरात जुन्या अल्बममध्ये असतील तर इथे टाका. कृष्णधवल असले, फाटके असले तरी चालतील. आमच्या शाळेतल्या पोरांना दाखवायचेत.

फोंड्याची_वैदेही:

फोटोंसाठी मी भावाला सांगते, त्याच्याकडे २००१ चे आहेत, पायऱ्यांवर खच्चून भरलेले लोक दिसतात, छप्पर नसलेलं स्टेडियम पण नीट दिसतं. १९८९ चे मात्र मडगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंत विचारायला हवं, सासष्टीकर काका तुम्ही जवळ आहात, जमलं तर बघाल का?

सासष्टीकर:

बघतो. रविवारी बाजारात जायचंच आहे, दोन ओळखीचे स्टुडिओवाले आहेत, विचारून इथेच कळवतो.